रोमन अंक आणि आपले एकोणीस



वसंत ऋतूतील व्याख्यानाला येणारा वक्ता सामान्यतः मोठा विषय घेऊन येतो. कोणी राज्यकारभारावर बोलतो, कोणी संतवाङ्मयावर, कोणी ऊस आणि पाण्याच्या अर्थकारणावर. आम्ही मात्र, पूर्ण संख्या रोमन अंकांत कशी लिहावी, एवढाच विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. विषय कळवला तेव्हा आमचे एक स्नेही म्हणाले, "अहो, हा तर पाचवीतल्या मुलाचा धडा! त्याला तासभर कशाला हवा?" त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. पण लहानपणी शिकलेल्या गोष्टींपैकी किती गोष्टींचे कारण आपल्याला त्या वेळी सांगितले गेले होते, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करून पाहावा. आमचा हिशेब तरी तुटीचा निघाला.

त्या तुटीची हकीकत अशी. आमच्या घरी भिंतीवर लंबकाचे घड्याळ होते. शाळेत एकदा घड्याळाचे चित्र काढावयास सांगितले. आम्ही घरच्या घड्याळाकडे पाहून एकेक आकडा इमानाने उतरवून घेतला आणि चारच्या जागी चार उभ्या रेघा काढल्या. गुरुजींनी पाटी पाहिली आणि विचारले, "चार असे लिहितात का? आय आणि पुढे व्ही, असे लिहायचे." आम्ही म्हणालो, "गुरुजी, घड्याळात असेच आहे." त्यावर जे उत्तर मिळाले ते छडीचे होते, आणि छडीपुढे घड्याळाची साक्ष चालत नाही. घरी येऊन आम्ही पुन्हा पाहिले. घड्याळात चार रेघाच होत्या! गुरुजी खरे की घड्याळ खरे, हा प्रश्न त्या दिवशी जो मनात बसला, तो पुढे पुष्कळ वर्षे उठला नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या छडीचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

रोमन अंकांच्या खुणा अवघ्या सात. आय म्हणजे एक, व्ही म्हणजे पाच, एक्स म्हणजे दहा, एल म्हणजे पन्नास, सी म्हणजे शंभर, डी म्हणजे पाचशे आणि एम म्हणजे हजार. एक, पाच, दहा, पन्नास, शंभर, पाचशे, हजार. श्रोतेहो, ही माळ आपण कुठे तरी ऐकलेली आहे. आपल्या खिशातील नाणी आणि नोटा याच आहेत! दोन, वीस आणि दोनशे एवढ्या बाजूला काढा, आणि २०१६ मध्ये रद्द झालेली हजाराची जुनी नोट परत आणून ठेवा, की रोमन अंकांचा सगळा गल्ला आपल्या हाती आला.

आणि एकदा हा गल्ला हाती आला की संख्या रोमन अंकांत लिहिण्याची रीत वेगळी शिकावी लागत नाही. बाजारात रोकड मोजून देणारा माणूस काय करतो? आधी मोठ्या नोटा जितक्या बसतील तितक्या काढतो, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान, आणि शेवटी सुटे रुपये. बस, हीच रीत. मोठ्यापासून आरंभ करावा, बसेल तितके द्यावे, उरेल ते खालच्या नोटेवर ढकलावे.

उदाहरण घेऊ. शिवछत्रपती आग्र्याहून निसटले ते साल १६६६. यातून हजार एकदा जातो, एम लिहिला. उरले सहाशे सहासष्ट. त्यातून पाचशे गेले, डी. उरले एकशे सहासष्ट. शंभर गेले, सी. सहासष्टातून पन्नास गेले, एल. सोळातून दहा गेले, एक्स. सहातून पाच गेले, व्ही. उरला एक, आय. एम, डी, सी, एल, एक्स, व्ही, आय! साती खुणा, प्रत्येक एकदाच, आणि मोठीपासून लहानापर्यंत ओळीने उभ्या. मुलांना रोमन अंक शिकवायचे असतील तर पहिला धडा म्हणून याहून सोयीचे साल आम्हांस माहीत नाही. आग्र्याची सुटकाही लक्षात राहते आणि साती अंकही.

आता अडचण येते ती चारपाशी. नुसत्या देण्याच्या रीतीने चार म्हणजे चार रेघा, नऊ म्हणजे व्ही आणि पुढे चार रेघा. यात चूक काही नाही; फक्त रेघा फार होतात. आमच्या लहानपणी गवळी रतिबाच्या रेघा भिंतीवर कोळशाने ओढीत असे. तीन रेघा नजरेला एकदम दिसतात. चार-पाच झाल्या की बोट लावून मोजाव्या लागतात. व्यवहारी माणूस अशा वेळी काय करतो? चार रुपये द्यायचे असतील आणि सुटे नसतील, तर पाचाचे नाणे देऊन एक परत घेतो. रोमन लोकांनीही तेच केले. परत घ्यायची खूण मोठ्या खुणेच्या डावीकडे मांडली. आय आणि पुढे व्ही, म्हणजे पाचाला एक कमी, चार. आय आणि पुढे एक्स, म्हणजे दहाला एक कमी, नऊ. मोठ्यानंतर लहान आली तर मिळवायची, मोठ्याच्या आधी लहान आली तर वजा करायची.

हा प्रकार परका वाटतो का? मग आपण आपल्याच तोंडाकडे लक्ष देऊ. आपण एकोणीस म्हणतो, तेव्हा काय म्हणतो? एक उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, थेट एकोणनव्वदपर्यंत आपली मराठी हेच करते. नव्याण्णवाला मात्र ती उणे न करता नऊ आणि नव्वद मिळवते. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. लॅटिन भाषेतही एकोणिसाला 'उन्देविगिन्ति' म्हणत, म्हणजे वीसाला एक कमी. आणि त्या लोकांची हौस एवढी की अठरालाही ते 'दुओदेविगिन्ति', वीसाला दोन कमी, म्हणत. तेव्हा वजाबाकीने बोलण्याच्या बाबतीत पंढरपूरचा व्यापारी आणि रोमचा व्यापारी हे एकाच आळीतले शेजारी ठरतात.

एक फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. बोलताना एकोणीस म्हणजे वीसाला एक कमी. पण लिहिताना रोमन रीत आधी दहा मांडते, आणि मग दहाला एक कमी मांडते: एक्स, आय, एक्स. याचे कारण असे की वजाबाकीला शिस्त आहे. एक हा फक्त पाचातून व दहातून वजा होतो. दहा हा फक्त पन्नासातून व शंभरातून. शंभर हा फक्त पाचशेतून व हजारातून. म्हणून एकोणपन्नास हे आय-एल असे लिहीत नाहीत. आधी चाळीस, म्हणजे एक्स-एल, आणि मग नऊ, म्हणजे आय-एक्स. नव्याण्णव म्हणजे आधी नव्वद, एक्स-सी, आणि मग नऊ, आय-एक्स. आणि पाच, पन्नास, पाचशे हे कधीच वजा होत नाहीत. का? तर दहातून पाच वजा केले तर पाचच उरतात, आणि पाचाची खूण आपल्याजवळ आधीपासूनच आहे. कारण सांगितले की नियम पाठ करावा लागत नाही, तो असा.

तेव्हा गल्ल्यात सहा जोडनोटा आणखी ठेवू: नऊशेची सी-एम, चारशेची सी-डी, नव्वदाची एक्स-सी, चाळीसाची एक्स-एल, नवाची आय-एक्स आणि चाराची आय-व्ही. एकूण तेरा. आता मोठ्यापासून लहानाकडे चालत जा; कोणतीही संख्या अडणार नाही. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले ते साल १९६०. हजार, एम. नऊशे, सी-एम. पन्नास, एल. दहा, एक्स. संपले. एम, सी, एम, एल, एक्स. स्वातंत्र्याचे साल १९४७: एम, सी-एम, एक्स-एल, व्ही, आय, आय.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट पाहावी. १९६० मध्ये आपण एककाच्या जागी शून्य लिहिले. रोमन लिहिताना त्या जागी काय लिहिले? काहीच नाही. १९०५ लिहिताना दशकाच्या शून्याच्या जागी काय येते? काहीच नाही: एम, सी-एम, व्ही. रोमन अंकाला शून्य लागत नाही, कारण त्याला जागाच नाही. तेथे प्रत्येक खूण आपली किंमत अंगावर घेऊन फिरते; नोट कोणत्याही खिशात ठेवली तरी शंभराची ती शंभराचीच. आपल्या अंकांचे तसे नाही. आपल्याकडे एक्याची किंमत तो कोणत्या आसनावर बसला आहे यावर ठरते. आसनाला किंमत द्यावयाची, तर रिकाम्या आसनावरही कोणाला तरी बसवणे भाग पडते. ते शून्य.

याचा व्यवहारात परिणाम काय होतो, ते गुणाकारात दिसते. अडतीस पोती ज्वारी, दर पोत्यास चौसष्ट रुपये. आपण आठांनी गुणून पाचशे बारा, तीन दशकांनी गुणून एकोणीसशे वीस, बेरीज दोन हजार चारशे बत्तीस, असे कागदाच्या कपट्यावर करून मोकळे होतो. आता हेच एक्स, एक्स, एक्स, व्ही, आय, आय, आय गुणिले एल, एक्स, आय, व्ही असे मांडा, आणि आमच्या पद्धतीने हातचा घेऊन पाहा! आकडे एकाखाली एक उभेच राहत नाहीत. म्हणून रोमन लोक हिशेब अंकांनी करीतच नसत. फळीवर खडे मांडून हिशेब करीत आणि उत्तर तेवढे अंकांत टिपून ठेवीत. गणिताच्या एका थोर शाखेला युरोपात 'कॅल्क्युलस' म्हणतात. त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ लहानसा खडा! रोमन अंक ही नोंदीची लिपी होती, हिशेबाची नव्हती. नोंदीतही तिची मर्यादा आहे. सात खुणांनी, तीनपेक्षा अधिक वेळा एकच खूण न काढता, फार तर ३९९९ पर्यंत जाता येते; पुढे डोक्यावर आडवी रेघ देऊन हजारपट करण्यासारखे उपाय योजावे लागतात. आणि ३८८८ एवढी संख्या लिहावयास पंधरा अक्षरे लागतात.

आता सभेतील कोणी मनात म्हणत असेल, "शून्य तर आम्ही दिले. आम्ही पहिल्यापासूनच शहाणे. रोमनांसारखा खटाटोप आमच्याकडे कधी नव्हताच." श्रोतेहो, हाच गैरसमज दूर करावा म्हणून आम्ही हा विषय घेतला. आपण जुन्नरजवळच्या नाणेघाटात जाऊ. कोकणातून देशावर येणाऱ्या व्यापाराची ही जुनी वाट. त्या घाटातील लेण्यात सातवाहनांच्या काळचा ब्राह्मी लेख आहे. राणी नागनिकेचा लेख म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि त्याचा काळ इसवी सनापूर्वीचे पहिले शतक असा सर्वसाधारणपणे धरतात. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील अंकांचा बारकाईने अभ्यास केला. त्या अंकांत शून्य नाही, स्थानही नाही. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. चारशे लिहावयाचे तर शंभराच्या खुणेला चाराची खूण जोडायची. चार हजारांसाठी हजाराच्या खुणेला चाराची. सतराशे गाई लिहिल्या त्या हजाराची खूण आणि तिच्यापुढे सातशेची खूण अशा. चोवीस हजार चारशे कार्षापण लिहिले ते वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन जोडखुणांनी. म्हणजे आमच्याच सह्याद्रीत, आमच्याच पूर्वजांनी, मोठ्यापासून लहानापर्यंत नोटा मोजूनच संख्या लिहिली आहे!

त्या काळी या दोन देशांची गाठभेटही होत होती. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे जुने तगर, याचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतल्या एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकात पैठणच्या बरोबरीने येतो. तेथील माल भडोचच्या बंदरात जाई आणि रोमच्या साम्राज्यात पोचे. रोमन 'देनारियुस' या नाण्याचे नाव संस्कृतात 'दीनार' होऊन बसले. त्या दोन बाजूंच्या वह्या कोणी शेजारी शेजारी ठेवल्या असत्या, तर हिशेब लिहिण्यात फार मोठा शहाणा कोणीच ठरला नसता.

पुढे काय झाले? आपल्याकडच्या लोकांनी रीत बदलली. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास दर स्थानाला दसपट होणाऱ्या संख्यास्थानांची मांडणी सांगितली. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करावी याचे नियम दिले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील ८७६ सालच्या लेखात २७० आणि ५० हे आकडे वाटोळ्या शून्यासह कोरलेले आहेत. आणि फार दूर कशाला? पंढरपुरात विठ्ठलमंदिरातील चौऱ्यांशीचा शिलालेख आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. चौऱ्यांशीचा फेरा चुकावा म्हणून वारकरी त्याला पाठ घासत आले. त्यावर शके ११९५ हे वर्ष आहे. त्या आकड्यातील पहिले दोन एक्के पाहावे. रूपाने दोघे सारखे. पण एक हजाराच्या आसनावर, दुसरा शंभराच्या. नाणेघाटात या दोघांसाठी दोन निराळ्या खुणा लागल्या असत्या. रोमनांना तर सगळी संख्या एम, सी, एक्स-सी, व्ही अशी लिहावी लागली असती. नाणेघाट ते पंढरपूर हा रस्ता नकाशावर फार लांब नाही. पण बुद्धीने तो चालायला कित्येक शतके लागली.

हीच रीत अरबांनी उचलली. इटलीच्या लिओनार्दोने, ज्याला फिबोनाची म्हणतात, १२०२ मध्ये आपल्या ग्रंथातून ती युरोपातील व्यापाऱ्यांपुढे मांडली. तिचे स्वागत मात्र सरळ झाले नाही. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने वह्यांत हे नवे अंक लिहिण्यास मनाई केली. नव्या अंकांत खाडाखोड करणे सोपे, अशी भीती त्यामागे होती असे मानतात. या भीतीला आपण हसू नये. आजही धनादेशावर आकडा घातला की 'अक्षरी रुपये' लिहावेच लागतात.

शिवाय जुनी रीत सोडणे आपल्यालाही कुठे सोपे गेले? आमच्या वडीलधाऱ्यांच्या वह्यांत आणे लिहीत ते रेघांनी. चार आण्यांची एक उभी रेघ, एका आण्याची एक आडवी. पंधरा आणे म्हणजे तीन उभ्या आणि तीन आडव्या. आधी पावल्या किती निघतात ते पाहायचे, मग सुटे आणे. हे रोमन अंकच, केवळ दुकान मराठी! १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि पावकी-निमकी घोकलेल्या पिढीला वाटले की आपला हिशेबच कोणी काढून घेतला. कालांतराने रेघा वह्यांतून गेल्या. २०११ मध्ये पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. तरी 'सोळा आणे खरे' हे आपल्या तोंडी राहिलेच आहे. रोमन अंकांचे युरोपात हेच झाले. हिशेबातून ते गेले. मानाच्या जागी राहिले. राजांच्या नावापुढे, ग्रंथांच्या प्रकरणांवर, घड्याळांच्या तबकड्यांवर आणि आपल्या शाळांच्या वर्गांवर.

आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी प्रतीत याची एक मौज आहे. 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' शासकीय कामासाठी वापरावे, असे अनुच्छेद ३४३ सांगतो. जगभर चालणाऱ्या अंकांना घटनेने भारतीय म्हटले आहे, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण हा अनुच्छेद ज्या भागात आहे, त्या सतराव्या भागाचा क्रमांक तेथे छापला आहे एक्स, व्ही, आय, आय असा! जुने बिऱ्हाड असे सहजासहजी हलत नाही.

आता आमच्या घड्याळाकडे परत येऊ. रोमच्या कोलोसियम या प्रचंड रंगमंडळाच्या दारांवर क्रमांक कोरलेले आहेत. तेथे चव्वेचाळीसावे दार एक्स, एल आणि पुढे चार रेघा असे लिहिले आहे. म्हणजे चाळीस लिहिताना वजाबाकी केली, आणि त्याच दारावर चार लिहिताना केली नाही! खुद्द रोममध्ये दोन्ही रीती नांदत होत्या. वजाबाकीची रीत पुढे पक्की झाली. घड्याळकारांनी चारापुरती जुनी चालू ठेवली. तेव्हा गुरुजीही खरे होते आणि घड्याळही खरे होते. चुकली होती ती छडी.

गुरुजींवर आमचा राग नाही. त्यांनाही कारण कोणी सांगितले नसावे. पण सांगावयाचे ते एवढेच, की संख्या वेगळी आणि ती लिहिण्याची रीत वेगळी. संख्या कोणाच्या मालकीची नाही. रीत माणसांनी केलेली असते, आणि माणसेच ती बदलतात. आमच्या पूर्वजांचा मोठेपणा त्यांना जन्मतः शून्य ठाऊक होते यात नाही. नाणेघाटातली चालती रीत सोडून त्यांनी अधिक चांगली रीत धरली, यात तो आहे. केवळ 'शून्य आम्ही दिले' असे म्हणत बसणे म्हणजे वडिलांच्या वहीतील जमेची बाजू वाचून आपल्याला श्रीमंत समजणे होय.

आज घरी गेल्यावर मुलाला किंवा नातीला जवळ बसवावे, गल्ल्यातल्या नोटा आणि नाणी पुढे ठेवावी, आणि तिच्या जन्माचे साल रोमन अंकांत मांडून दाखवावे. ती विचारील, चार रेघा का नाही चालत? त्या वेळी तिला घड्याळ दाखवावे, कोलोसियमचे दार सांगावे, आणि आपण एकोणीस का म्हणतो तेही सांगावे. प्रश्न विचारला म्हणून तिच्या तळहातावर वळ उठणार नाही, एवढे झाले तरी आमच्या तुटीच्या हिशेबात काही जमा पडली असे आम्ही समजू.